बाहेर न बसलेले चार महिने

माझ्या जिभेला हाड नव्हतं, हे आधीच कबूल करते. सोळाव्या वर्षी सासरी निघाले तेव्हा आईनं कानात सांगितलं होतं, तिथं कमी बोल. ते मी तीन दिवस पाळलं. चौथ्या दिवशी मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, "लहाने, वरनात मीठ बराबर हाये काय?" आणि मी म्हणाले, "मीठ हाये, वरनच दिसून नाई राह्यलं." सगळं स्वयंपाकघर हसलं. सगळ्यात जास्त जाऊबाई हसल्या. त्या दिवसापासून आमचं जमलं.

सासर आसेगावच्या पलीकडं, गाडीवाटेनं तासाभरावर. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी तीन-चार वर्षांची ही गोष्ट. घरात सासू-सासरे, माझे भासरे आणि त्यांची बायको म्हणजे या मोठ्या जाऊबाई, माझा नवरा, मी, आणि पुढं माझा मुलगा. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर मी पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायचे आणि एक शब्द बोलायचे नाही. माझ्या तोंडातून वाचलेला घरातला तो एकच माणूस.

जाऊबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज थोडा घोगरा. ज्वारीचं पोतं एकटीनं ओढत कोपऱ्यात नेऊन उभं करायच्या. या गोष्टीच्या वेळी त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. एवढं एक सोडलं तर त्यांच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि आत्याबाई नेमकं तिथंच बोट ठेवायच्या.

आमच्या घरी विटाळ ब्राह्मणाघरच्यापेक्षा काकणभर जास्तच पाळायचे. बाईला कावळा शिवला, म्हणजे पाळी आली, की तिनं मागं कोठ्याला, म्हणजे गोठ्याला, लागून असलेल्या छपरीत जाऊन बसायचं. चटई, घोंगडी, एक तांब्या, एक ताटली तिथंच असायची. चार दिवस चूल, पाणी, देव, कशालाच हात लावायचा नाही. अंगावर पिणारं लेकरू तेवढं अंगावरचे कपडे काढून आईकडं देत, म्हणजे कपड्याबरोबर विटाळ आत येत नाही. भाकर दुरून ताटलीत पडायची. पाचव्या दिवशी डोक्यावरून नाहून आत.

आता नाती विचारतात, आजी, अपमान वाटायचा नाही का? वाटायचा. पण खरं सांगायचं तर मला ते चार दिवस हवेही असायचे. दळण नाही, शेण नाही, शेतात न्यायच्या भाकरी थापणं नाही. चटईवर पाय पसरून दुपारी झोपता यायचं, आणि कोणी उठवायला आलं तर त्यालाच विटाळ व्हायचा. सासुरवाशिणीला एवढी सोय दुसरीकडं कुठं होती? फक्त छपरीतल्या बाईचं काम आपोआप नाहीसं होत नव्हतं. घरात कामाच्या सुना दोन. एक बाहेर बसली की दोघींचं सगळं एकीच्या पाठीवर.

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली त्या पावसाळ्यात जाऊबाईंचं बिघडायला लागलं. आधी चाराचे सहा दिवस झाले. मग आठ. नाहून आत आल्या की दहा-बारा दिवसांत पुन्हा बाहेर. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली. कापूस फुटून पऱ्हाट्या पांढऱ्याशिप्पट, रोज पंधरा-वीस बाया वेचायला, आणि त्याच महिन्यात जाऊबाई दोनदा मिळून सोळा दिवस छपरीत. माझं लेकरू वर्षाचं, पायात घोटाळणारं. पहाटे दळायला बसायचे तेव्हा त्यांच्या घोंगडीचा ढीग मला दारातून दिसायचा आणि तळपायाची आग मस्तकात जायची. त्यांना काही होतंय असं माझ्या मनात आलंच नाही. बाहेर बसणं म्हणजे आराम, हे मला माझ्याच अनुभवावरून पक्कं माहीत होतं. मग जी जास्त बसते ती जास्त आराम करते, यात विचारायचं काय?

एक दिवस वेचणाऱ्या बाया अंगणात कापूस टाकत होत्या, आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या, आणि मी जाऊबाईंच्या ताटलीत दुरून भाकर टाकली. टाकता टाकता मोठ्यानं म्हणाले, "कावळा पाळून ठेवला काय जी तुमी? आठ दिवस घरात राहू देत नाई तुमाले. आन वेचनी आली का बराबर येते!"

बाया फिदीफिदी हसल्या. आत्याबाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "लेकरू नाई, बाकरू नाई, मंग कावळाच पाळीन ना बापडी."

जाऊबाईंनी ताटली ओढून घेतली आणि खाली बघून जेवायला लागल्या. मला वाटलं, आता चांगलं झोंबलं. झोंबलंच होतं. त्यानंतर चार महिने त्या एकदाही बाहेर बसल्या नाहीत.

पहिल्या महिन्यात मी खूश होते. बोलल्याचा परिणाम झाला म्हणून स्वतःवरच खूश. दुसऱ्या महिन्यात आत्याबाईंचं लक्ष गेलं. आम्हा दोघींच्या तिथी त्यांना पंचांगासारख्या पाठ असायच्या. जाऊबाई दीड महिना आत आहेत हे त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यातच एक दिवस भिंती पोतारायला भिजवलेल्या पांढऱ्या मातीचं ढेकूळ जाऊबाईंच्या तोंडात त्यांनी पाहिलं. माती खाऊशी वाटणं म्हणजे डोहाळे, हे आमच्याकडं लहान पोरीलाही ठाऊक. आत्याबाईंनी तिथल्या तिथं जाऊबाईंवरून मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली.

मग घर फिरलंच. जाऊबाईंच्या भाकरीवर लोण्याचा गोळा आला. पाण्याच्या घागरी माझ्याकडं आल्या. भासऱ्यांसाठी मंगरूळकडची एक पोरगी पाहून ठेवलेली होती, बोलणी जवळजवळ ठरत आली होती. ती सासऱ्यांनी थांबवली. 'वारस येत असन तं सवत कायले?' हे आत्याबाईंचे शब्द. जाऊबाई ऐकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. लाजल्या, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

खरं काय ते मला पौषात कळलं. चुलीसाठी तुराट्यांचा भारा ओढायला मी मागं गेले. ढीग खालून सैल झाला होता. हात घातला तर फडक्यांची बोचकी हाताला लागली, एकात एक खुपसलेली. काही धुतलेली, काही नाहीत. घरात बाया तिघी. आत्याबाईंचं केव्हाच बंद झालेलं. माझी पाळी पंधरा दिवसांपूर्वी होऊन गेलेली. फडकी एका पाळीची नव्हतीच. पुष्कळ होती, आणि काही अजून ओली होती.

मी वळले तर जाऊबाई मागं उभ्या. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता आणि पकडीत जोर नव्हता. या हातानं पोती हलवली होती, हे मला आठवलं.

"तुह्या पाया पडतो, कोनाले बोलू नोको," त्या म्हणाल्या.

"म्हंजे पोटात काई नाई?"

"पोट तं वाढून राह्यलं." त्यांनी माझा हात आपल्या पोटावर ठेवला. बेंबीच्या खाली टणक लागत होतं, एका बाजूला जास्त. "पन रोज जाते. कोन्या दिवशी थेंब थेंब, कोन्या दिवशी गाठीच्या गाठी. एक दिवस सुका जात नाई."

"मंग बाहेर काहून नाई बसत?"

त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मीच नजर खाली घातली. त्या म्हणाल्या, "आता बसली तं उद्या पोरगी घरात येते. समजते ना तुले?"

समजलं. आणि मी गप्प बसले. दोन महिने गप्प बसले. का, याचं उत्तर मी स्वतःलाच पुष्कळदा दिलं आहे आणि दर वेळी निराळं दिलं आहे. त्यांची दया आली हे खरं. सुरुवात माझ्या बोलण्यानं झाली म्हणून तोंड दाखवायला जागा नव्हती, हेही खरं. सांगितलं तर 'तू कईपासून जानत होती' असं मलाच विचारतील ही भीती होती. आणि तिसरी सून घरात आली तर आमचं दोघींचं मोडेल, असाही एक स्वार्थ होता. सगळंच थोडं थोडं होतं.

त्या काळात माझा विटाळावर पुरता विश्वास होता. बाहेरच्या बाईनं लोणच्याला हात लावला तर ते नासतं, हे मी डोळ्यांनी न पाहताच मानत होते. आणि इथं जाऊबाई रोज चुलीपाशी. माघात कुळाचार होता. पुरणाचं पातेलं त्यांच्या हातचं, देवीपुढचा दिवा त्यांच्या हातचा. मी एका बाजूला कणीक मळत वाट बघत होते, की आता काहीतरी होणार, दिवा विझणार, भिंत पडणार. काही झालं नाही. देवीनं नैवेद्य घेतला की नाही ते तिला माहीत, घरच्यांनी मात्र पोळ्या चापून खाल्ल्या. चार दिवसांनी एक बैल लंगडायला लागला तेव्हा मी कोठ्यात धावत गेले. बैलाच्या खुरात काटा निघाला. मी कोठ्यात एकटीच हसले आणि मग रडले.

जाऊबाई दिवसेंदिवस पांढऱ्या पडत चालल्या. ओठ, नखं, हिरड्या, सगळं पांढरं. कोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत यायला मध्ये एकदा खांबाला धरून उभ्या राहायच्या. छातीत धडधड होते म्हणायच्या, कानात जातं फिरल्यासारखा आवाज येतो म्हणायच्या. आत्याबाई म्हणायच्या, पहिलटकरणीला होतंच असं. सुईण आली, तिनं पोट चाचपलं आणि म्हणाली, "उजव्या अंगाले टनक लागते. पोरगाच हाये." मग विचारलं, "हालते काय?"

जाऊबाई म्हणाल्या, "हालते."

मी दारात उभी होते. त्या खोटं बोलल्या याचा मला राग आला नाही. त्या ज्या तऱ्हेनं ते म्हणाल्या, त्यानं मी घाबरले. त्यांचं त्यांनाच ते थोडंसं खरं वाटायला लागलं होतं.

पाचव्या महिन्यात ओटी भरायची आमच्या घरची रीत. फाल्गुनात दिवस धरला. शेलूबाजारच्या बाजारातून हिरवं लुगडं आलं, खण आला, नारळ आले. पाहुण्या बाया त्या दिवशी यायच्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी कासारीण बांगड्या भरायला आली. जाऊबाई पाटावर बसल्या. कासारणीनं नेहमीच्या मापाची बांगडी चढवली, ती कोपरापर्यंत गेली. त्याहून लहान काढली. तीही सैल. शेवटी पोरींचं माप काढलं. कासारीण हसत म्हणाली, "पोटातला सारा खाऊन राह्यला वाटते माईले." जाऊबाईही हसल्या. बांगड्या भरून झाल्या, हाताला आधार देऊन कासारणीनं त्यांना उठवलं, आणि त्या दोन पावलं चालून भिंतीला टेकल्या. पाटावर रक्ताचा डाग होता. कासारणीनं पाहण्याआधी मी पाट उचलून उलटा भिंतीला लावला.

तिथंच माझं ठरलं. त्या मरणार आहेत, हे मला त्या पाटाकडं बघून कळलं. दुसरं काही कारण नव्हतं. मी सरळ कापसाच्या खोलीत गेले. आत्याबाई तिथं विकायचा राहिलेला कापूस पाहत होत्या. दार लोटून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. पोटात पोर नाही. चार महिने रक्त जातं आहे, रोज. मला दोन महिन्यांपासून माहीत आहे.

आत्याबाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"म्हंजे चार महिने चुलीपाशी होती ती? अशीच? देवापाशीबी?"

मी मान हलवली. मग त्यांनी जो आवाज काढला तो बाहेर अंगणापर्यंत गेला. मला दोन थोबाडीत बसल्या. सगळ्या घराला गोमूत्र शिंपडा, मडकी फोडा, देव धुवा, कुळाचार बाटला, पितर बाटले, असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. बाहेर कासारीण होती, गडी होते. सगळ्यांना कळलं. भासरे ओसरीवरून उठून शेतात निघून गेले. जाऊबाई भिंतीला टेकल्या तिथंच खाली बसल्या होत्या, हातात नव्या हिरव्या बांगड्या, आणि माझ्याकडं बघत होत्या. त्या नजरेचा अर्थ मी तेव्हा चुकीचा लावला.

आत्याबाई ओरडत ओरडत त्यांच्यापर्यंत गेल्या. पुढं काय होतंय या भीतीनं मी मागं धावले. आत्याबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि अंगठ्यानं त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं कापसासारखं होतं. मग त्यांनी गड्याला हाक मारली, "गाडी जुप. वाशीमले जाचं हाये. गाडीत तनस टाक मोकळं." माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तूच लपवून ठेवलं ना? तूच चाल."

विटाळाच्या बाईला शिवायचं नाही, हे सांगणारी ती बाई वाशीम येईपर्यंत सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

वाशीमला एक डाक्टरीणबाई होती. पुण्याकडची असावी, बोलणं स्वच्छ आणि जरा कडक. तिनं जाऊबाईंना झोपवून तपासलं आणि किती तरी विचारलं. पाळी पहिल्यापासून कशी होती, कधी बिघडली, रक्त मधेच जातं का, गाठी पडतात का, कधी पोर पडलं होतं का, कुठं मार लागला का, कोणती औषधं घेतली. बारा वर्षांत त्या बाईला एवढे प्रश्न कोणी विचारले नव्हते. आम्हीसुद्धा नाही.

आत्याबाईंनी विचारलं, "बाई, विटाळ मोडला म्हनून झालं काय हे?"

"विटाळ मोडायच्या आधीपासून रक्त जास्त जात होतं ना?" डाक्टरीणबाई म्हणाली. "मग त्यानं कसं होईल?"

तिनं आत्याबाईंचा हात धरून जाऊबाईंच्या पोटावर फिरवला. "हे पोर नाही. या गर्भाच्या पिशवीतल्या गाठी आहेत. वाईट जातीच्या नसाव्यात, पण रक्त थांबू देत नाहीत. माती खात होती ते डोहाळे नव्हते. अंगातलं रक्त संपत आलं की बायांना अशी खा-खा सुटते."

मग हात धुता धुता तिनं जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही, कारण तोपर्यंत मला वाटायचं, की बाईचं रक्त जातं ते जातं, त्याला कारण कशाला लागतं. ती म्हणाली, कारणं पुष्कळ असतात. नव्यानं पाळी आलेल्या पोरींचं अंगात मेळ बसेपर्यंत अनियमित जातं. पाळी जायच्या वयात तसंच होतं. पोर पडून आत काही राहिलं तर जातं. पिशवीला सूज आली, आत मांसाचा कोंब वाढला, अशा गाठी झाल्या, तरी जातं. काही बायांचं रक्तच लवकर थिजत नाही. कोणतं कारण आहे ते पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून आठ दिवसांच्या वर गेलं किंवा मधेच गेलं तर बाईला आणून दाखवायचं. "आणि पाळी बंद होऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावर पुन्हा लाल दिसलं, तर त्या बाईला त्याच दिवशी आणा. ते फार वाईट असू शकतं."

आत्याबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "माह्या मोठ्या बहिनीले तसंच झालं होतं. म्हातारपनी जवानी आली म्हनून आमी साऱ्याजनी हासलो होतो तिले." मग त्यांनी पदर तोंडात धरला. ती बहीण त्याच वर्षी गेली होती, हे मला घरी आल्यावर कळलं.

आणखी आठ दिवस गेले असते तर काही करता आलं नसतं, असं डाक्टरीणबाईनं मला एकटीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आगगाडीनं अकोल्याला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात आधी तीन आठवडे नुसतं अंगात रक्त यावं म्हणून ठेवलं. खाटेचं पायाकडचं अंग विटांवर चढवलेलं, लोखंडाचं काळं औषध, काळजाचं सूप. आमच्या घरी मांस चालत नव्हतं. ते सूप आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं चमच्याचमच्यानं पाजलं. मग पोट चिरून पिशवी काढली. त्यात पाच गाठी निघाल्या, एक नारळाएवढी. जाऊबाई वाचल्या. वैशाखात गाडीतून घरी आल्या, त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या.

त्याच वर्षी भासऱ्यांचं दुसरं लग्न झालं. मंगरूळकडची ती पोरगी घरात आली, तिला मुलं झाली. कोणी जाऊबाईंना वाईट वागवलं असं नाही म्हणता येणार. पण आता त्यांना पाळी नव्हती, आणि आमच्या घरी बाईला सुट्टी मिळायची ती पाळीचीच. मी आणि ती नवी आळीपाळीनं छपरीत जायचो. जाऊबाई महिन्याचे तीसही दिवस चुलीपाशी, देवापाशी, जात्यापाशी. आत्याबाई कौतुकानं म्हणायच्या, मोठी घरात असली का चिंता नाई. छपरीत पडल्या पडल्या मला त्यांच्या जात्याचा आवाज ऐकू यायचा. मग मी कूस बदलायचे.

त्या बोलण्याचं ओझं मी वर्षानुवर्षं बाळगलं. कावळा पाळला म्हणाले नसते तर त्या बाहेर बसत राहिल्या असत्या, कोणाच्या तरी लक्षात आलं असतं, वेळेवर वाशीमला नेलं असतं, निदान त्यांनी एवढं सोसलं नसतं. आत्याबाई गेल्यानंतरची गोष्ट. लढाई संपून गेली होती. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो, मुलं शाळेत गेली होती. मनात किती दिवस घोळत होतं ते मी बोलून टाकलं. म्हणाले, "जाऊबाई, त्या दिवशी मी तुमाले तसं बोलली. मले माफी करा."

"कोन्त्या दिवशी?"

"कावळा पाळला म्हनली होती ना मी. साऱ्या बायांपुढं."

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "हाव, म्हनली होती. ते तं मी विसरूनच गेली." शेंग फोडून दाणे सुपात टाकले. "तुह्या बोलन्यानं नाई लपवलं मी. मले त्या वक्ती छपरीत बसाचाच कंटाळा आला होता. मंग आत्याबाईनं लोनी वाढलं. 'मोठे, जेवली काय' म्हनून इचारलं. बारा वर्षात पयल्यांदा इचारलं. मंग मले बाहेर जाऊशी नाई वाटलं."

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. मी म्हणाले, "म्हंजे माह्यावर राग नाई तुमचा."

"हाये ना," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, हात थांबला नाही. "राग हाये. पन त्याच्यावरून नाई. एक दिवस थांबाचं होतं तुनं. दुसऱ्या दिवशी माही ओटी होती. भरू द्याची होती. मंग सांगाचं होतं."

"जाऊबाई, तुमी मेल्या असत्या."

"मेली असती," त्या म्हणाल्या. "भरल्या ओटीनं मेली असती."

आठ दिवसांची मुदत डाक्टरीणबाईनं दिली होती, म्हणजे एक दिवस थांबले असते तरी त्या वाचल्या असत्या, हे तिथं बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत ते एकदाही आलं नव्हतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाल्या, "सोल, पोट्टे येतीन आता शाळेतून."